पहिलं ताट

१७ डिसें. १९७२
सोसायटीच्या विहिरीवर माझ्या धाकट्या भावाला, शमूला मारलं. आमचा आड दिवाळीआधीच आटला. ही विहीर सगळ्या गावाची, असं चेअरमनच बैठकीत म्हणाले होते. त्यांचा मुलगा बापूराव म्हणाला, "किरिस्तावांची घागर न्हाई चालायची बे." शमूने तरी पोहरा सोडला. बापूरावने त्याच्या हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोहऱ्यात रक्त पडलं म्हणून पाणी आमच्यासमोर ओतून दिलं. मी आधी त्या पाण्याकडे पाहिलं, मग भावाकडे. प्रभू, क्षमा कर.

१९ डिसें.
शमूला अंबाजोगाईहून आणलं. डावा हात प्लास्टरमध्ये. आजीने लगेच ताटाचं काढलं. आमच्या घरची रीत: वर्षभरात ज्याने सगळ्यात जास्त दुखवलं, नाताळचं पहिलं ताट त्याच्या दारी. पणजोबा नाताळात काठीला चांदणी बांधून गात फिरले म्हणून पाठीत कुऱ्हाड बसली, त्या सालापासून. आजीने स्वतः आमची झोपडी जाळणाऱ्याकडे नेलं होतं. तिन्हीसांजेला ताट परत यायचं. रिकामं, खरकटं. "आलं म्हंजे झालं," आजी म्हणते. यंदा मी न्यायचं. घरात पहिली शिकलेली ना.

२१ डिसें.
शमू: "अक्का, ताट नेलंस तर मी तुझा भाऊ न्हाई."
एका हाताने कोयत्याला धार लावतोय. बाबा बघतात.

२३ डिसें.
दुष्काळी खडीच्या कामावर शमूने बापूरावला गाठलं. दगड मारला. भुवईपासून कानापर्यंत फाटलं म्हणे. मला बरं वाटलं. लपवायचं नाही म्हणून लिहिते.
पण आता पहिलं ताट कुणी कुणाकडे न्यायचं? आजीला विचारलं.
"नेलं तर भ्याले म्हनतील. न्हाई नेलं तर..." चुलीत काटकी सारली. "आजवर आपल्यातल्या कुनी हात उचलला न्हवता, पोरी."

२४ डिसें.
साखर नाही. दुष्काळी कामावर मिळणारं सुकडीचं गोड पीठ करंज्यांत भरलं. दारावरची चांदणी दुपारी कुणीतरी दगडाने फोडली. यंदा गाणी नाहीत, ढोलकी खुंटीवरच.

२५ डिसें.
नाताळच्या भक्तीनंतर ताट घेऊन बापूरावकडे निघाले. शमू मागे, घोंगडीखाली कोयता. दारात बापूरावची आई. आत तो, डोक्याला फडकं, हातात तीच पहार.
"कावून आलीस?"
"नाताळ हाय, काकी."
"आन त्यो कावून आलाय?"
माफी मागायचं ठरवलं होतं. न मागताच ताट उंबऱ्यावर ठेवून शमूला ओढत आणलं.

तिन्हीसांज. ताट आलेलं नाही. शमू दारात, कोयता मांडीवर. वेशीकडून कंदील येतोय. मागे किती माणसं, हातात ताट की पहार, इथून दिसत नाही. आजी चुलीपासून उठली. "शमू, आत हो." तो हलत नाही.