‘अर्धे करा’ या आज्ञेची पुढची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वडिलांच्या मागे त्यांनी रचलेली, विणकाम यंत्रांना आज्ञा द्यायची भाषा सांभाळणारा धाकटा मुलगा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आई म्हणाली, "असलं अभद्र लिहीत बसू नकोस." सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप दुरुस्त करणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोजचेच ऑपरेशन आहे. त्यांचे असेल. माझे पहिलेच आहे.

शाळा माझी अर्धवट सुटली, पण शुद्धलेखन पक्के आहे, कारण यंत्राला चुकलेली वेलांटी चालत नाही. तरी कुठे चुकले असल्यास हेतू पाहावा.

१. खोली, तिच्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक आईची. खिडकी आधी वर उचलावी, मग ढकलावी.

२. माझी हत्यारे यंत्रदुरुस्तीवाल्या मित्राला, ज्याला सगळे पाना म्हणतात. लहान पेचकस त्याने आधीच नेला आहे. मागून मागून मी दमलो. तोही त्याचाच समजावा.

३. आता भाषेचे. ‘अर्धे करा’ ही तिच्यातली एक आज्ञा. गळ्यापाशी टाके दोन खांद्यांत वाटायला ती लागते. टाके विषम असले की उरलेला एक टाका ती कुणालाच देत नाही, सोडून देते, आणि गळा उसवतो. वडिलांच्या हे लक्षात आले तेव्हा ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. तोवर कारखाने वाढले, आणि प्रत्येकाने आपापल्या नमुन्यात त्या आज्ञेखाली एक ओळ घातली: ‘उजवीकडे एक वाढवा.’ चूक आणि तिच्यावरचा उतारा, दोन्ही सुखाने नांदू लागले.

मी तापाने पडलो असताना दादाने मला न विचारता ती चूक दुरुस्त केली आणि ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून नवी आवृत्ती सोडून दिली. आता आज्ञा उरलेला टाका आपणच उजवीकडे देऊ लागली, आणि खालची जुनी ओळ आणखी एक वाढवू लागली. विणकामवाल्या मावशींच्या कारखान्यात तेव्हा शाळेचे स्वेटर चालले होते. त्यांचा फोन आला.

"काय रे, यंत्राला लकवा भरलाय का तुमच्या? सगळे गळे मान टाकून बसलेत!"

"मावशी, खरं तर आता ते बरोबर झालंय."

"हो का? मग हे बरोबर तूच घाल आणि वर्गात जाऊन बस."

त्यांच्या बायका कित्येक दिवस स्वेटर उसवत बसल्या. मी चूक परत आणून ठेवली. मग विणकाम शिकवणाऱ्या मास्तरीणबाई चिडल्या: "नव्या मुलींना काय सांगू? आज्ञा खोटं बोलते, पण घरचीच आहे, सांभाळून घ्या?"

दादा म्हणाला, "चूक ती चूक. किती दिवस पदराखाली झाकणार?"

मी म्हणालो, "आणि तिच्या भरवशावर ज्यांनी संसार मांडलाय, त्यांचं काय?"

तेव्हापासून आमचे निरोप आईमार्फत जातात. ती थकली आहे. मीही.

४. डॉक्टरीणबाईंना मी विचारले होते, "गळतेय, पण इतकी वर्षं चाललंय ना? तशीच ठेवली तर?"

"तुमच्या हृदयानं जुळवून घेतलंय, म्हणून चाललंय. पण त्यापायी ते फुगत चाललंय."

"आणि दुरुस्त केल्यावर?"

"काही दिवस त्याला चुकल्याचुकल्यासारखं होईल. मग शिकेल."

घरी येईपर्यंत मी दादाचाच विचार करत होतो.

५. म्हणून नवी आवृत्ती सोडण्याचा पासवर्ड, जो मी त्या प्रकारानंतर बदलला, तो दादाला द्यावा. तो आईकडे बंद पाकिटात आहे. त्याने चूक दुरुस्त करावी, पण किरकोळ म्हणून नव्हे, चार लोकांना आधी सांगून. ज्या नमुन्याच्या पहिल्या ओळीत नव्या आवृत्तीचे नाव असेल, त्यालाच नवी आज्ञा लागू व्हावी. बाकीचे जुन्यानेच चालावेत, मावशी स्वतः ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत. पहिली चाचणी मावशींच्या यंत्रावर घ्यावी. तिथे दादाने स्वतः जावे, फोन करू नये. त्या बोलतील. ते उभ्याने ऐकून घ्यावे.

६. त्या वेळचा एक कललेल्या गळ्याचा स्वेटर मावशींनी न उसवता मला धाडला होता. तो दादाला. सरळ करू नये.

७. जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवण्याची सोय भाषेत करता येते. माझ्यात येत नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मी आज सकाळी सही केली. वाचलो तर हे मृत्युपत्र रद्द समजावे, कलम पाच सोडून. ते मी आणि दादा मिळून पार पाडू. त्याने आईकडे निरोप ठेवू नये. यावे.

साक्षीला मावशी तयार होत्या, पण कलम पाचमध्ये त्यांचा संबंध येतो, म्हणून खालील दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही)
साक्षीदार: मास्तरीणबाई (सही, "वाचून केली," असे लिहायला त्यांनी सांगितले)

लिहून देणार: धाकटा (सही)
ठिकाण: राहती खोली, खिडकीपाशी
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार