फलटणच्या कोंडिबाची तब्येत

सीवूड्स, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. बाळाबाई आत्यास स्मिताचा वाकून नमस्कार.

आईच्या वर्षश्राद्धानंतर तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी आधी मागते. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचंही मला दुसऱ्याकडून कळलं. पत्र वहीत लिहून त्याचे फोटो तुझ्या नातीच्या फोनवर पाठवतेय, म्हणजे आजच मिळेल. (वैष्णवी, आजीला सावकाश वाचून दाखव, कंसातलं गाळलंस तरी चालेल.)

दादांविषयी लिहायचं आहे. घाबरू नकोस, तुझा भाऊ ठणठणीत आहे. आजारी आहे तो कोंडिबा, आणि कोंडिबा मी आहे.

पहिल्यापासून सांगते. आई गेल्यावर दादा खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहिले, माझ्याकडे येईनात. ज्या माणसाने तीस वर्षं वाशीच्या मार्केटात माथाडींची टोळी हाकली, तो दिवसाकाठी फक्त लिफ्टमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईशी बोलायचा, जी सारखी दार लावा म्हणते. ('लावतो की बाई, दम धर,' असं म्हणताना मी स्वतः ऐकलं. हसले, मग घरी येईपर्यंत हसू आलं नाही.) म्हणून मी त्यांच्या फोनवर लुडो घातला. रोज पाच वाजता घरच्या चौघांनी खेळायचं ठरलं. पहिल्या आठवड्यात पुण्याहून आमचा निशांत गळाला, दुसऱ्यात माझी सई, तिसऱ्यात मी. मला मीटिंग होती. (मीटिंग होती हे खरं, रोज होती हे खरं नाही.) दादा मात्र पाचला डाव मांडून कुणी येतंय का बघत बसायचे.

स्वतःच्या नावाने परत जायची लाज वाटली. शिवाय परक्या माणसाने कधीही यावं, कधीही उठून जावं, मुलीला ती सोय नसते. तेव्हा मी दुसरं खातं उघडलं: कोंडिबा, फलटण. फोटोच्या जागी बैल. दादांना खेळता खेळता तिथेच निरोप लिहायलाही येतं, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, 'तुमच्याकडं पान्याची पाळी कवा हाय?' मी ऑफिसच्या कॅन्टीनमधून लिहिलं, 'सोमवार ते शुक्रवार, धा ते सहा.' दादा म्हणाले, 'लेका, कॅनॉल हाय का बँक?' त्या दिवसापासून ते कोंडिबाला येडं समजू लागले आणि त्यांची दोस्ती जमली.

आत्या, गुण आला गं. दादा रोज दाढी करायला लागले, चारलाच चहा उरकून बसायला लागले. कोंडिबाची सोंगटी मारली की त्याची टर उडवायचे, आणि तो सलग दोनदा हरला की तिसरा डाव मुद्दाम सोडायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी डाव सोडल्याचं आठवत नाही. मला माझाच हेवा वाटला.

मग एक दिवस त्यांनी लिहिलं, 'पोरगी रोज फोन करती. गोळी घेतली का इचारती आन् ठेवती. हजेरी घेती.' मी कोंडिबाकडून स्वतःची बाजू मांडली: 'कामं असत्याल तिला.' उत्तर आलं, 'असत्यात की. गुणाची हाय. पर माझ्यासंगं खेळत न्हाय.' तेव्हा माझी सोंगटी त्यांच्या घराच्या दारात होती आणि पाळी माझी होती. मला फासा टाकता येईना.

हे थांबवायला हवं म्हणून मी जे केलं ते आपल्या माणसांत वाढलेल्या बाईने करू नये. परवा लिहिलं की कोंडिबा आजारी आहे, अॅडमिट केलंय, आता खेळ बंद. (मारून टाकणार होते. पण दादा दहाव्याला गेल्याशिवाय राहिले नसते.) दुखणाईत माणसाला भेटायला न जाणं आपल्यात कुणाला जमलंय? काल दादांनी फोनवर सांगितलं, 'रविवारी फलटणला निघालोय. दोस्त पडलाय.' आवाज काळजीचा, आणि आत्या, कसं सांगू, खुशीचाही. सोबत शेवया, तूप आणि आईची नवी कोरी शाल, जी त्यांनी मलाही दिली नव्हती.

हे कोंडिबाचं सोंग मी त्यांचा एकटेपणा जावा म्हणून केलं की मला मोकळं होता यावं म्हणून, ते चार दिवस डायरीत लिहून खोडतेय.

तुझी,
स्मिता

ता. क. खरं काम हे, की तिकडे फलटणला तुझ्या आळीत एखादे सत्तरीचे, जरा वेडगळ आणि दोन दिवस खाटेवर पडून राहायला तयार असे गृहस्थ असले तर कळव.

ता. क. दुसरं. वरचं सोडून दे. दादांना मी सांगते. ऐकूनही ते निघाले, तर रविवारी दुपारी फलटणच्या स्टँडवर तू उभी राहा. त्यांना कुणाला तरी भेटायला जायचं आहे गं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. न निघाले, तर तू इकडे ये.

ता. क. तिसरं. हे लिहिताना पाच वाजले आणि कोंडिबाला दादांचा निरोप आला: 'तू पडून ऱ्हा. तुझ्या सोंगट्याबी मीच चालवतो. मांडलाय डाव.'

उद्याचं माझं काम: सकाळी खांदेश्वरला जाऊन दादांना सगळं सांगणे.