गार पाण्याचा तांब्या

॥ बिरोबा प्रसन्न ॥

हैदराबाद,
ता. २ सप्टेंबर २०२४

चि. प्रगतीस दादाचा आशीर्वाद. आई-आबांना दंडवत. हितं म्या खुशाल हाय, तुमची खुशाली कळवावी.

परवाच फोन झाला, मग पत्र कशापायी असं म्हणशील. पण फोन काय आपला असतो व्हय? आई स्पीकर लावती आन् निम्मी वस्ती भोवतीनं बसती. तुला काय विचारावं, तर उत्तर कोंडिबा काकाच देतो. म्हणून चौथी शिकल्याला हात कागदावर घासतोय. चुका पोटात घाल.

परवा टेकाडावर रेंज घावली म्हणून तू तोंड दाखवलंस, पण ओढणी नाकापतुर घेऊन. म्हणालीस, वारं लई हाय. प्रगे, मग तुझ्यामागचं गवत का हालत नव्हतं?

दातांच्या तारा निघाल्यापासनं तू तोंड झाकायचं सोडलं होतंस. लहानपणी तुझे पुढचे दात बघून म्याच तुला खारू म्हणालो. शाळेनं ते उचललं आन् तू आठ वर्सं तोंडावर हात धरून हसलीस. ते अजून माझ्या मानंवर बसलंय. म्हणून खरं सांग, रात्री दातावर ती प्लास्टिकची पट्टी घालतीस न्हवं?

हितं लॅबात म्या तेच काम करतो. डॉक्टर लोक दातांचे साचे धाडत्यात, त्यावर आमी तारा वाकवतो, पट्ट्या घासतो. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलं की दात सरळ झाला तरी त्याला जुनी जागा आठवत असती. म्या म्हणालो, कळलं. गाय नव्या गोठ्यात बांधली तर महिनाभर जुन्या दावणीकडं वढतीच. ती पट्टी म्हंजी दावं. गार पाण्यानं धू, मऊ ब्रश लाव, आन् तोंडातनं काढली की डबीत. रुमालात बांधलीस तर कुणीतरी झटकून टाकील.

माझं म्हणशील तर एक कंटेनरवाला मागं लागलाय, विशाखापट्टणला चल म्हणतोय. सात महिने झाले एका जागी, पाय खाजवायला लागल्यात.

उत्तर धाड. माया कमी करू नको.

तुझा दादा,
बिरू

०

धनगरवस्ती, पालीच्या वर,
ता. १२ सप्टेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र पोस्टमननं पालीत दुकानावर ठेवलं होतं, ताक विकायला खाली उतरले तेव्हा मिळालं. गडावर चढणारी माणसं विचारत होती की पत्र वाचून रडतेस का हसतेस. मी म्हणाले, भाऊ हुशार झालाय म्हणून घाबरलेय.

वारं नव्हतं दादा. पट्टी गेली.

तुला आपल्या आईची रीत माहीत आहे. दुधाची चरवी असो, झाकण असो, नाहीतर गाळणं, आधणाचं पाणी ओतल्याशिवाय तिच्या हातनं काही चुलीजवळ यायचं नाही. दूध नासलं तर ती दोन दिवस जेवत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला मी सकाळी पट्टी धुतली आणि भांड्यांच्या पाटीत एका वाटीत ठेवून वैरण टाकायला गेले. परत येऊन बघते तर पट्टी डबीत, पण उन्हातल्या पळसाच्या पानासारखी वळलेली. तोंडात बसेचना.

आईनं पाणी ओतलं हे उघड आहे. पण तिला कळलेलं दिसत नाही आणि मी सांगणार नाही. तारा लावायला मला भोरला नेऊन दर महिन्याला दिवस दिवस बाकावर बसली ती. तिला कळलं की तिच्याच हातानं ते वाया गेलं, तर तिचं काय होईल? मी रोज डबी उघडते, तिच्यादेखत मिटते आणि झोपते. सहा आठवडे झाले. पुढच्या दोन दातांत जीभ अडकायला लागलीय. काल एका बाईला ताक देताना हात आपोआप तोंडावर गेला.

डॉक्टरीणबाईंकडे एकटी जायचं म्हटलं तर आई सोबत येणारच. काय करू? आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस, तुला बिरोबाची आण.

आणि कंटेनरचं म्हणशील तर हे तुझं सहावं काम होईल. दाताला दावं लावतोस, स्वतःला कधी लावणार?

तुझी,
प्रगती

०

धनगरवस्ती,
ता. १४ सप्टेंबर

चि. बिरू यास धोंडाबाईचा आशीर्वाद. लिहिणार शेजारची अश्विनी. तिला घासभर खरवस देऊन गप बसवली आहे.

लेका, माझ्या हातनं एक पाप झालं. प्रगतीची दाताची पट्टी वाटीत होती, ती मला दिसली. दिसली नाही असं नाही. मी म्हणलं, पोरीच्या तोंडात जाती, भांड्यापरीस जास्त सोवळी पाहिजे. म्हणून मुद्दाम दोनदा आधण वतलं. ती माझ्या डोळ्यांम्होरं आकसली. मी गपकन उचलून डबीत घातली.

पोर काय बोलत नाही. रोज डबी उघडती, मिटती. मला वाटतं, तिला अजून कळलं नसावं, तशीच घालत असंल. मग तिला टोचत असंल का? पण हसताना तोंड झाकाया लागली. त्या दिसापासनं मला भाकर गोड लागंना. तू त्याच कामात हाईस. हितनं काय करता येतं का, तेवढं कळव. तिला मात्र सांगू नको. आई अडाणी हाय हे तिनं आजवर कधी तोंडावर म्हणलं नाही.

(धोंडाकाकूंनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. खरवस घासभर नव्हता, वाटीभर होता. अश्विनी)

०

हैदराबाद,
ता. २३ सप्टेंबर

ती. आईस दंडवत आन् चि. प्रगतीस आशीर्वाद. प्रगे, हे पत्र मोठ्यानं वाच. आई शेजारी नसंल तर बोलाव, मगच पुढची ओळ वाच.

बसली? ऐका. तुमी दोघींनी दोन दिसांच्या अंतरानं मला पत्रं लिवली. दोघींनी एकच गोष्ट सांगितली आन् दोघींनी दुसरीला सांगू नको म्हणलं. प्रगे, आईला समदं ठावं हाय. आई, पोरीला समदं ठावं हाय. तुमी एका चुलीपाशी बसून दोन महिने एकमेकीला जपताय, आन् तितं दात एकमेकांना सोडून चाललेत.

बिरोबाची आण म्या मोडली. काय कोप व्हायचा तो माझ्यावर हूं दे.

आई, तू अडाणी न्हाईस. उस्तादांना सांगितलं तर ते म्हणाले की शिकलेली माणसं बी गरम पाण्यात पट्टी टाकत्यात. पट्टी तापवून मऊ करूनच साच्यावर बसवत्यात, मग परत ताप लागला की ती आपला आकार इसरती. दुधाला आधण बरूबर, पट्टीला गार पाणी. एवढंच.

आता दोघी मिळून भोरला जा. म्या नुसत्या अंदाजानं तार वाकवणार न्हाई, डॉक्टरीणबाईनं आधी तोंड बघाया पाहिजे. तारा निघाल्या तवा त्यांनी दिल्याला तुझा जुना साचा माझ्यापाशीच हाय. हाटेल सोडलं, टेम्पो सोडला, फरशीचं काम सोडलं, पण तो टावेलात गुंडाळून संगं आणला. तोच दाखवून तर ह्या लॅबच्या दारात काम मागितलं. नव्याचं माप त्या हितं धाडतील का विचारा.

कंटेनरवाल्याला म्हणलं, थांब जरा.

रागावलात तरी चालंल, पण एकमेकींवर न्हाई, माझ्यावर.

बिरू

०

हैदराबाद,
ता. २८ ऑक्टोबर

चि. प्रगतीस आशीर्वाद.

साचा पोचला. जुना आन् नवा शेजारी ठेवून बघितले. जुन्यात पुढचे दोन दात खेटून, नव्यात तांदळाचा दाणा बसंल एवढी फट. म्या त्या फटीवरनं बोट फिरवत राहिलो. उस्तादांनी इचारलं, कुणाचा? म्हणलं, बहिणीचा. मग त्यांनी माझ्या हातात पक्कड दिली आन् सोताचं स्टूल मागं सरकवलं.

बाईंच्या चिठ्ठीपरमानं ह्या येळी टाळूला बसती अशी पट्टी केली, पुढनं तार, त्या फटीपुरती जरा आवळल्याली. तीनदा वाकवली, दोनदा मोडली. परवा फोनवर समद्या वस्तीदेखत तू वरडलीस की टाळूच्या पट्टीत खार काढ. मला आधी वाटलं, टोमणा मारतीस. मग तू हसलीस ते आयकू आलं. उस्तादांनी चार खारी काढून दिल्या. सगळ्यात आगाव दिसती ती आत बसवली हाय.

पार्सल बाईंच्या पत्त्यावर धाडतोय. बसंना तर जोर करू नको, त्याच बघतील. घट्ट वाटंल, बोलताना चार दिस जीभ अडखळंल.

कंटेनरवाला गेला. म्या लॅबातच हाय. बाई म्हणाल्या न्हवं, दर दोन महिन्यानं तार बघाया लागंल. दुसऱ्या कुणी वाकवल्याली मला चालायची न्हाई.

बिरूदादा

०

धनगरवस्ती,
ता. १७ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

पट्टी बसली. पहिल्याच खेपेला, टक् करून. बाई म्हणाल्या, ही कुणी केली? मी काही बोलायच्या आत आईनं तुझं नाव, गाव, कुळ आणि लहानपणचा गोवरसुद्धा सांगितलं. पहिल्या वेळी तर खुर्चीवर मी बसायच्या आधीच ती म्हणाली होती की पोरीची चूक नाही, पट्टी म्याच शिजवली. बाई हसता हसता चष्मा पुसायला लागल्या. त्या म्हणतात, फट बुजेल, पण रात्रीची पट्टी चुकवायची नाही, वर्षानुवर्षं.

बोलताना जीभ अजून अडखळते. ताक घेणारे विचारतात तेव्हा मी टाळूची खार काढून दाखवते. पोरं दोन दोन पेले जास्त पितात.

आईनं पट्टीसाठी वेगळा तांब्या ठेवलाय, गार पाण्याचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, आबांनीसुद्धा नाही. आणि आता रोज सकाळी आधणाचं भगुलं उचललं की ती दारात उभी राहून सगळ्या वस्तीला ओरडून विचारते, कुणाचं काय पडलंय का रे माझ्या भांड्यांत? आज खालनं कोंडिबा काका ओरडले, धोंडाबाय, माझी कवळी राहिलीय बघा, जपून!

मी ताक घुसळत होते. एवढी हसले की रवीची दोरी हातातनं सुटायची. पण सुटली नाही, दादा. दोन्ही हात दोरीवरच होते.

आईला ते दिसलं. ती भगुलं खाली ठेवून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, बिरूला लिही.

म्हणून लिहिलं.

तुझी,
खारू