सांडलेले तांदूळ

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६.४०
इथल्या जर्मन बालवाडीच्या स्वयंपाकघरात आहे. तांदळाला हळद चोळून झाली, ते वाळेपर्यंत लिहितो. दोन किलो, सगळ्यांत स्वस्त. सोबत वाट्या, नरसाळं. मुलांनी हात घालायचे, ओतायचं — बस. मुख्य बाई फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, तू फक्त बघायचंस. मी इथे वर्षभराचा स्वयंसेवक, डिप्लोमा अर्धवट. चूक परवडणार नाही.

हे सगळं ईप्सितासाठी. साडेतीन वर्षांची. तीन आठवडे झाले, कशाला हात लावत नाही, आईला सोडत नाही. आणि आई, चारुलताताई, येत्या सोमवारी नोकरीवर रुजू होणार.

मंगळवार
बाकीची मुलं कोपरापर्यंत तांदळात. ईप्सिता हात मागे घेऊन उभी.

बुधवार
तेच. सांडलेला दाणा न् दाणा मी वेचला. एका मुलाचा पाय तांदळावर पडला, तर माझा हात आपोआप कपाळाला गेला.
फ्राऊ लिंडनरना वाटतं, तिला स्पर्शाचीच भीती आहे. शुक्रवारी आईला तसं लिहून देणार. आधी तपासण्या, मग बालवाडी. म्हणजे ताईंची नोकरी गेलीच.

गुरुवार
चारुलताताई दाराशी म्हणाल्या, "अरे, घरी ही मस्त कणीक तिंबते. 'इथे का नाही?' असं विचारलं, तर म्हणते, सांडलं की श्रीधरमामा रागावतो." त्या हसल्या. श्रीधरमामा म्हणजे मीच; मला हसू येईना.

मी तिला एका शब्दाने बोललेलो नाही! पण रंग सांडला — फडकं घेऊन मी. वाळू सांडली — झाडू घेऊन मी. ती तांदळाकडे बघत नव्हतीच. माझ्या तोंडाकडे बघत होती.

फ्राऊ लिंडनरना अडखळत सांगितलं. सांडण्याची भीती तिला नाही, मला आहे. त्या म्हणाल्या, "आल्झो, ठीक तर, लिहून देणं थांबवते, उद्या बागेत. झाडू इथेच राहू दे."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
माती, पाणी, चेस्टनट. मी हात मांडीखाली दाबून बसलो. ईप्सिताने चिखलाचा मग माझ्या बुटावर ओतला — मुद्दाम — आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तोच मग पुन्हा भरून तिच्या हातात दिला.
चारुलताताई "येते हं" म्हणाल्या. ईप्सिताने चिखलातून मान वर केली नाही.

आठवड्याचा खर्च: तांदूळ, २ युरो ३८ सेंट. माती, काही नाही. कुणाचं देणं नाही.
बूट अजून धुतलेले नाहीत.