बंद खोलीच्या पुस्तकांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या करून देणे, हे मृत्युपत्र दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने व स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे, हे माझी पुस्तके नेऊन परत न करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. वकीलसाहेबांनी दाखवलेल्या नमुन्यात नमनालाच घडाभर तेल होते, म्हणून त्यांच्याकडून फक्त नियम विचारून घेतले.

कलम पहिले. खाली दुकान व वर दोन खोल्या असे माझ्या कष्टाचे घर आहे. ते, आणि बँकेत जी काही शिल्लक असेल ती, सर्व माझ्या पत्नीची. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी, कारण ती दातांची डॉक्टर आहे व समोरचा ओरडला तरी हातातले काम सोडत नाही.

कलम दुसरे. किल्ली कापण्याचे यंत्र व शिकंजा मुलाला. विकायचे असल्यास खुशाल विकावे, फक्त मला आवडले नसते म्हणून रडू नये. बारीक कानशी व वाकड्या तारांची पेटी मुलीला. त्या तारा तिने रुग्णांवर वापरू नयेत.

कलम तिसरे. आता मुद्द्याचे. वरच्या खोलीत खिडकीच्या भिंतीला दोनशे चौदा कादंबऱ्या आहेत. शहाणी माणसे त्यांना गॉथिक म्हणतात. आमच्या घरात त्यांचे नाव 'बंद खोलीची पुस्तके'. लग्नाआधी ही, म्हणजे माझी पत्नी, वाचनालयात कामाला होती. तिथल्या एका कपाटाची किल्ली हरवली म्हणून मला बोलावले होते. कपाट उघडले तर आत असलीच पुस्तके. त्यातले एक तिने मला वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन हजर, की नायिका केसांतल्या आकड्याने तीन खटक्यांचे कुलूप उघडते हे साफ अशक्य आहे. ती म्हणाली, "कुलूप सोडा. खोलीत काय होतं ते कळलं का?" मी तिथवर वाचलेच नव्हते. वाचून सांगायला पुन्हा गेलो आणि मग जातच राहिलो.

भुताची पुस्तके म्हणून नाक मुरडणाऱ्या वारसांसाठी थोडे सांगतो. जुनी आधी वाचावीत. पहिली चाळीस पाने धुके आणि घोडागाडी असते, ती गाळू नयेत. घाईने वाचलेले धुके अंगाला लागत नाही. गिरणीमालकाच्या विधवेचे एक आहे, त्यात घराला बाहेरून सात खिडक्या दिसतात आणि आतून सहाच मोजता येतात. ते वाचल्यावर मी आमच्या घराच्या खिडक्या मोजल्या होत्या, हे आज कबूल करतो. नव्यांवर माझा राग होता. त्यांत वीज असते, लिफ्ट असते, मग भ्यायचे कशाला? पण एकात पाचव्या मजल्यावरच्या घराला आकड्यांचे कुलूप आहे, आणि आई वारल्यावरही रोज दुपारी तिचा आकडा कोणीतरी दाबते व दार उघडते. लेखिकेला कुलपातले सगळे कळते. तेव्हापासून नव्यांनाही मी मानाने वागवतो.

कलम चौथे. हिची दृष्टी जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून रोज दुपारी चहा झाल्यावर चार ते सहा मी वाचतो व ती ऐकते. माझ्यामागे तिला कोण वाचून दाखवणार, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

सर्वांची परीक्षा घेऊन झाली आहे. मुलगा गाडी चुकेल अशा बेताने वाचतो, धुके आले की म्हणतो, "धुकं आहे, कळलं, पुढे." मुलगी भित्री, तळघराचा जिना आला की चार पाने एकदम उलटते, मग गोष्टीतली माणसे जिना न उतरताच तळघरात सापडतात. मुलाने फोनवर वाचणारा आवाज लावून दिला. हिने दोन दिवस ऐकला आणि म्हणाली, "त्याला स्वतःला भीती वाटत नाही, तो मला काय घाबरवणार?" दुधाची तहान ताकावर भागली नाही.

कलम पाचवे. सबब ही सर्व पुस्तके मी माझ्या थोरल्या बंधूंना देत आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले. दादा जन्मभर स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करत होते. कुठली गाडी येणार हे ती येण्याआधी सांगणे हा त्यांचा धंदा. सव्वीस वर्षांपूर्वी जेवायला बसलो असताना, माझी ऐंशी पाने शिल्लक आहेत हे माहीत असून, त्यांनी घोषणेच्या आवाजात सांगून टाकले की गच्चीवरची पावले नायिकेचीच असतात, ती झोपेत चालते. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरते बोललो. समजूत घालणाऱ्यांचे शब्द पालथ्या घड्यावर पाणी ठरले. पण गेल्या महिन्यात हिनेच हट्ट केला म्हणून त्यांना वाचायला बसवले. त्यांनी प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारला, धुक्यातून सावकाश नेले, आणि तळघराच्या तिसऱ्या पायरीवर थांबून पाणी मागितले. घसा सुकला म्हणाले. आम्हाला सगळे समजले. ही खुदकन हसली, आणि माझा सव्वीस वर्षांचा राग तिथेच ओसरला. अट एकच, शेवटाची घोषणा आधी करू नये.

कलम सहावे. हे कलम लिहायचे नव्हते, पण दादा पुस्तकात आहे तेच वाचतील, म्हणून लिहिणे भाग आहे. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हिच्या डोळ्यांची आशा सोडली, त्याच दुपारी वाचत असलेल्या पुस्तकाचा शेवट आला. त्यात बाईची दृष्टी जाते, तिला वरच्या खोलीत कोंडतात, आणि कोणी येत नाही. माझ्याच्याने ते वाक्य वाचवेना. जन्मभर लोकांची दारे उघडली, तसे तेही उघडले. गोष्टीतल्या बागेच्या माळ्याला किल्ली करायला लावली, बाईला बाहेर आणले, अंगणात उन्हात बसवले. हिने विचारले, "असा शेवट आहे?" मी हो म्हणालो. त्यानंतर जिथे जिथे कोणी कोंडलेले राहिले, तिथे तिथे मी दार उघडत गेलो. अशी अकरा पुस्तके आहेत. लेखकांची मी क्षमा मागत नाही. हिची मागतो. जिला दिसत नाही तिला खोटे वाचून दाखवणे हा विश्वासघात आहे, आणि तो मी अकरा वेळा केला.

कलम सातवे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा नियम वकीलसाहेबांनी सांगितला. म्हणून साक्षीसाठी शेजारचे औषधवाले व समोरचे घड्याळवाले यांना बोलावले आहे, कारण त्यांना काही देण्याचा माझा विचार नाही. घड्याळवाल्यांनी तीन भागांच्या कादंबरीचा तिसरा भाग नऊ वर्षे ठेवून घेतला आहे.

येथवर लिहून झाल्यावर मसुदा हिला वाचून दाखवला. वाचताना सहावे कलम गाळले. ती म्हणाली, "पाचानंतर एकदम सात कसं आलं?" मी म्हणालो, आकडा चुकला. ती म्हणाली, "कुलूपवाल्याचा आकडा चुकत नाही. वाचा."

वाचले. मी चष्मा पुसत बसलो.

मग ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. मनचं सांगायला लागलात की तुम्ही पान उलटायचं विसरता."

मी विचारले, मग कधी बोलली का नाहीस.

"बोलले असते तर तुम्ही बंद केलं असतं," ती म्हणाली. "लेखकांचे शेवट पुस्तकात आहेत, ते भाऊजी वाचतील. तुमचे कुठे लिहिलेत? तुमच्यामागे ते मला कोण वाचून दाखवणार?"

मी तिचा हात धरून बसून राहिलो.

कलम आठवे व शेवटचे. वरील कारणास्तव दोनशे पानी वही आणली आहे. पुस्तके दादांना देताना ही वहीही द्यावी. हिच्या इच्छेप्रमाणे त्यांनी आधी लेखकाचा शेवट वाचावा, नंतर माझा, आणि मधे पाणी प्यावे. पहिला शेवट लिहायला नऊ दिवस लागले. काल तो हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "दार फार लवकर उघडलंत." पुन्हा लिहायला घेतला आहे. त्यामागे आणखी दहा आहेत. ते हिच्या पसंतीस उतरेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येण्याची घाई कोणीही करू नये. मीही करणार नाही.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन. चारला वाचन आहे, म्हणून सह्या लवकर आटोपल्या.

सही: कुलूपवाले

आमच्यादेखत सही केली, त्या वेळी ते पूर्ण शुद्धीवर व खुशीत होते:
साक्षीदार १: औषधवाले
साक्षीदार २: घड्याळवाले