सिस्टर होण्याआधी

वलवण
४ ऑगस्ट २०२४

ती. रतनआत्यास,
प्रेरणाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आम्ही इथे सगळे सुखरूप आहोत, तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळव.

फोन केला की तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस. मागच्या खेपेला मी समीक्षाच्या शाळेचं सांगत होते आणि तू मला काढा कसा करायचा ते समजावत बसलीस. म्हणून पत्र. शिवाय कागदावर तू मधेच तोडत नाहीस, हाही फायदा आहे.

नर्सिंग असिस्टंटच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र अखेर हातात आलं. कोर्स हिवाळ्यातच संपला होता, तेव्हापासून लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात मी कामाला आहेच. स्पंजिंग, बेडपॅन, चादरी बदलणं, पेशंटला फिरवून आणणं, सगळं करते. पण आत्या, मला खरं तर नर्स व्हायचंय, तुझ्यासारखी.

पहाटे ड्युटीला निघते तेव्हा धरणाकडेच्या रस्त्यावर धुकं असं उतरलेलं असतं की समोरून येणारी माणसं आधी खोकल्यावरून कळतात आणि मग दिसतात. अशात मला कधी कधी मीच समोरून येताना दिसते. पांढरा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. ती माझ्या शेजारून निघून जाते, ओळखही दाखवत नाही. प्रदीपला सांगितलं तर म्हणाला की झोप पुरी होत नाही तुझी.

कोर्सच्या सरांनी सांगितलं होतं की हे प्रमाणपत्र म्हणजे नर्सिंगच्या शाळेची पहिली पायरी. खरं आहे का ते? जीएनएमच्या, म्हणजे नर्सच्या तीन वर्षांच्या कोर्सच्या, प्रवेशाला पस्तिशीची अट आहे आणि मला मार्चमध्ये चौतीस पुरी झाली. या वर्षी नाही झालं तर कधीच नाही. बारावीचे मार्क तुला माहीत आहेत, काठावरचे. तू आयुष्यभर छावणीच्या दवाखान्यात नोकरी केलीस, तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

इथेच आवरते. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
प्रेरणा


देहूरोड
१२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम. पत्र पावलं. गुडघे आहेत तसेच आहेत, बदलून मिळत नाहीत म्हणून वापरते आहे.

वर्षावास सुरू आहे. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. ऐकू येत नाही तरी मी पुढच्या रांगेत बसते, वाचणारीच्या ओठांकडे बघते आणि मधेच डोळा लागतो. बायकांना वाटतं माझं ध्यान लागलं. कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत मी पडलेली नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कडू आहे, पण माझ्याकडून कळलेलं बरं. पायरी वगैरे काही नाही. प्रवेशाला बारावी बघतात, इंग्रजीत पास आहेस का बघतात आणि वय बघतात. तू एएनएम, म्हणजे गावातली आरोग्यसेविका, झालेली असतीस तर गोष्ट वेगळी होती, त्यांना वयातही सूट असते. तुझ्या या कागदाला कुणी एक गुण देणार नाही. नाव मोठं, लक्षण खोटं. त्या सरांना भेटले तर मी बरंच ऐकवीन आणि त्यांचं उत्तर मला ऐकूच येणार नाही.

तरीही अर्ज कर. मुलाखत घेतली तर काम केलंय असं सांग, पण त्यावर विसंबू नकोस. आणि एक गोष्ट तू पत्रात चुकूनही लिहिली नाहीस. बहुतेक शाळांत हॉस्टेलवर राहावं लागतं. तीन वर्षं. समीक्षा आता दहाची. तिला कोण बघणार? झुंबरबाईंना विचारलंस का? तुझी सासू तोंडाने कमी बोलते, पण तिच्या मनाविरुद्ध त्या घरात चूल पेटत नाही.

बाकी क्षेम. प्रदीपला सांग, घाटात गाडी सावकाश चालव. आठवण ठेवत जा, मी ठेवतेच आहे.
तुझी,
रतनआत्या


वलवण
१५ सप्टेंबर २०२४

ती. रतनआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. पत्राला उशीर झाला, कारण लिहायला तोंड नव्हतं.

आधी घरचं. प्रदीपला विचारलं तर तो गाडी पुसता पुसता म्हणाला, कर की, आणि पुसत राहिला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी हॉस्टेलचं सांगितलं, तीन वर्षांचं सांगितलं, त्यांनी मान वर केली नाही. व्हय म्हणाल्या नाहीत आणि न्हाईसुद्धा म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून त्यांच्या गप्प बसण्याची मला इतकी धास्ती वाटते की स्वप्नातही त्या समोर सूप घेऊन बसलेल्या असतात. समीक्षाने मात्र एवढंच विचारलं की हॉस्टेलमध्ये खिडकी असते का. असते म्हटलं.

अर्ज वडगावच्या पुढच्या एका शाळेत केला आणि परवा मुलाखत झाली. तीच सांगायची आहे. तू हसशील.

आत तीन मॅडम बसल्या होत्या. टेबलावर त्यांचे चहाचे कप होते, रिकामे. मला त्यांनी बसायला सांगितलं. आणि आत्या, माझ्या हातांनी ते कप उचलले. एका हातात फाईल, दुसऱ्या हाताच्या बोटांत कपांचे कान. बाहेर नेऊन शिपायाच्या टेबलावर ठेवले, आत येऊन पदराने चहाचा ओघळ पुसला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आमच्या दवाखान्यात असंच असतं. मावशीने सिस्टरांसमोर खुर्चीवर बसायचं नसतं, आणि तिथे मला लहानथोर सगळे मावशीच म्हणतात. मी काय करते आहे हे मला कळलं तेव्हा सगळं करून झालं होतं.

मधल्या मॅडमनी विचारलं की मी इथे कामाला आले आहे की शिकायला. रागाने नाही, खरंच विचारलं. मी नुसती मान हलवली, तीही नेमकी कशाला हलवली देव जाणे. माझ्या आधीची मुलगी अठरा वर्षांची होती, ती खुर्चीत अशी बसली होती जणू ती खुर्ची तिच्याचसाठी केली होती.

ते प्रमाणपत्र मी फाईलीत सगळ्यात वर लावलं होतं. त्यांनी ते उलटून खालची बारावी बघितली.

आता नको वाटतं. समजूत घालू नकोस, पण उत्तर पाठव.
तुझी,
प्रेरणा


देहूरोड
२२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

हसले. मग रडले. मग इतका राग आला की शेजारच्या अनघाने विचारलं की मी भांडी का आपटते आहे. राग तुझ्यावर नाही. सहा महिने शिकवून ज्यांनी तुला भिंतीला उभं राहायची सवय लावली, त्यांच्यावर आहे. माझ्या वेळीही असंच होतं, आया उभ्या, आम्ही बसलेल्या. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

तू समजूत नको म्हणालीस, म्हणून कामाचं तेवढं लिहिते. मावशी सांगितलेलं करते. सिस्टरला का, असं विचारावं लागतं. नाडी धरता येणं वेगळं आणि ती आज जलद का लागते आहे हे समजणं वेगळं. तुझे हात तयार आहेत, पण ते तुला विचारल्याशिवाय चालतात. शाळेत गेलीस तर पहिलं वर्ष तुला त्यांना थांबवायला शिकण्यात जाईल. तेव्हा प्रमाणपत्राचा फायदा होईल की तोटा, मला सांगता येत नाही. दोन्ही होईल.

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी मी स्वप्नात वॉर्डातून फिरते. पेशंटना चेहरे नसतात, नुसत्या चादरी असतात, आणि एकही चादर चुरगळलेली नसते. परवा तू त्या वॉर्डात होतीस. उभी होतीस. मी तुला बस म्हटलं. बसलीस की नाही ते दिसायच्या आत मला जाग आली. सकाळभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

पहिल्या यादीतल्या मुली दुसरीकडे जातात, जागा सुटतात. वाट बघ. मला तू त्या शाळेत हवी आहेस, हे स्पष्ट लिहून ठेवते.

तुझ्यावर जीव असलेली,
रतनआत्या


हॉस्टेल, वडगावजवळ
१४ ऑक्टोबर २०२४

ती. रतनआत्यास,
सप्रेम जयभीम. पत्त्यावरून तुला कळलंच असेल.

शेवटच्या यादीत नाव लागलं. तीन मुली पुण्याला गेल्या म्हणून. प्रमाणपत्राचा कुणी उल्लेखही केला नाही, तुझंच खरं झालं. सासूबाईंनी निघताना माझी पिशवी स्वतः भरली आणि तरीही काही बोलल्या नाहीत.

इथे मला मुली काकू म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पहिल्या दिवशी पलंग लावायला शिकवला. चादरीचे कोपरे मी डोळे मिटून बसवते, पण मॅडम म्हणाल्या की पद्धत चुकीची आहे, सगळं विसरा आणि नव्याने करा. मी सोडलं आणि पुन्हा केलं. दुसरी एक मुलगी रक्ताची बाटली बघून पांढरी पडली, मला काही झालं नाही. एवढाच काय तो फायदा. वर्गात मी पहिल्या बाकावर बसते. बसते, आत्या. सुरुवातीला पायांना कळायचं नाही.

पण मला इथे राहवत नाही. मोबाईल मॅडमकडे जमा असतो, रविवारी तासभर मिळतो. समीक्षा फोनवर हो आणि नाही यापलीकडे बोलत नाही. रोज एकच स्वप्न पडतं. धरणाचं पाणी या हॉस्टेलच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं असतं, अगदी शांत. पलीकडच्या काठावर समीक्षा फणी घेऊन उभी असते, केस मोकळे. तिचे ओठ हलतात आणि मला वॉर्डातली घंटाच ऐकू येते. तुझ्यासारखंच होतं बघ माझं.

या रविवारी पहिल्यांदाच घरी सोडणार आहेत. मी पिशवी भरून ठेवली आहे, सगळी. काल प्रदीपला सांगितलं की मी आले की परत जाणार नाही. तो बरं म्हणाला. दहा वर्षांच्या पोरीची वेणी सोडून मी इथे हाडांची नावं पाठ करते आहे, हे कुठल्या शहाण्या बाईचं काम आहे? तू रागावशील. रागाव, पण दूर लोटू नकोस.
तुझी,
प्रेरणा


वलवण
१७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. प्रेरणा हिला,
झुंबरबाईचा आशीर्वाद. जयभीम. समीक्षाच्या हातून लिवून घेती. मी बोलंन तसंच लिव्ह, शाळंतलं नको लावू, आसं तिला बजावलंय. प्रदीप उद्या भाडं घिऊन वडगावला यायचा हाये, त्याच्याजवळ कागद देती.

आज पुनव. वर्षावास सपला. इहारात खीर केलती, लय मानसं आलती.

प्रदीपनं सांगितलं, तू परत यायचं म्हनतीस. म्हून लिवती. तू मला इचारलंस तवा मी बोलले न्हाई. तुला वाटलं आसंल, म्हातारीला नको हाये. तसं न्हवतं. व्हय म्हनलं आन् पोर आजारी पडली, तर तुला काय तोंड दाखवू, ह्ये मनात यायचं. मला भ्या वाटत व्हतं, त्ये तुला सांगायची लाज बी वाटत व्हती.

तुजा त्यो सा महिन्याचा कोर्स आठवतो का? तू पहाटं जायची ती दिवस मावळल्यावर यायची. पयला महिना समीक्षा धड जेवली न्हाई. माजी भाकरी तिला जाड लागायची. प्रदीपच्या हातची येनी म्हंजी एक कानावर आन् एक मानंवर, शाळंत पोरी हसायच्या, ती घरी यिऊन फणी फेकायची. तुला आमी ह्यातलं कायबी कळू दिलं न्हाई. मग हळूहळू बसलं. आता प्रदीप दोनी येन्या सरळ घालतो, रिबिनीसकट. समीक्षा तिचा डबा सोता भरती आन् मला बीपीची गोळी देती, न इसरता. मी भाकरी पातळ करती.

तुज्या आत्याचं म्हननं, त्या कागदाचा तुला शाळंत काय उपेग झाला न्हाई. नसंल झाला. पन तू तितं शिकत व्हतीस तवा आमी हितं तुज्याबिगर ऱ्हायला शिकत व्हतो. त्यो कोर्स आमचा बी झालाय. आता तू घरी बसलीस तर आमी कशापायी शिकलो?

खोटं सांगत न्हाई, समीक्षा रडती. परवा लय रडली. रोज सकाळी इचारती, आईची शाळा कंच्या बाजूला. मी धरनापल्याड बोट करती. तितं धुक्याबिगर काय दिसत न्हाई, तरी ती तिकडं बघून हात हालिवती आन् मग शाळंत जाती. ह्ये लिवताना ती लिवत न्हवती, मी दटावलं तवा लिवलं.

रविवारी ये. समदी वाट बघत्यात. पिशवी मातुर तितंच ठिवून ये.

तुजी आई,
झुंबरबाई