वॉर्डापुरतंच विचारा

मंगळवार, चौदा तारीख

प्रिय ताई,

रागावले आहे, तरी धाकटीचा नमस्कार घे. मुलं बरी आहेत. ह्यांचं जसंच्या तसं. डोळे उघडे असतात, मी भरवते, घास कधी खाली उतरतो, कधी गालातच राहतो. हर्नियाच्या ऑपरेशनला स्वतःची पिशवी स्वतः उचलून गेलेला माणूस हा.

काल तुझी साक्ष झाली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस, ते असो. पण ती उलटतपासणी म्हणायची की थट्टा? हॉस्पिटलच्या वकिलाने तुला, त्यांच्याच नर्सला, विचारलं काय, तर ह्यांना वॉर्डात आणल्यावर नाडी कशी होती. झालं, संपलं. आमचे वकील उलटतपासणीला उठून ऑपरेशन थिएटरचं विचारायला लागले, तर तो ताडकन उठला. न्यायाधीश म्हणाले, "साक्ष वॉर्डाची झाली आहे, वॉर्डापुरतंच विचारा." आमच्या वकिलांनी प्रश्न फिरवून फिरवून पाहिला, दर वेळी त्यांना गप्प बसवलं. डोकंच फिरलं माझं. घोळ झाला थिएटरात, तू तिथेही होतीस, आणि चौकशी वॉर्डाची! रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

न्यायाधीशांनी अडवलं तेव्हा तू उत्तर द्यायला तोंड उघडलं होतंस, ताई. मी बघत होते.

वकील म्हणतात, उपाय आहे. तुला आमच्या बाजूने साक्षीला बोलवायचं, मग थिएटरचंही विचारता येतं. पण त्यातही मेख आहेच. आपल्या साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालता येत नाही म्हणे. "भूल देणारे डॉक्टर मध्येच बाहेर गेले होते ना?" असं विचारायचं नाही. नुसतं "काय झालं?" विचारायचं आणि खाली बसायचं. मग तुमचा उपयोग तरी काय, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. बिचारे हसले.

डॉक्टर बाहेर गेले असावेत, हा वकिलांचा नुसता अंदाज आहे. ऑपरेशनच्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात माझा हात धरून, रडत, तू मला जे सांगितलंस ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. भाऊजी घरी बसलेत, त्यात तुझी नोकरी गेली तर काय, म्हणून गिळून बसले. पण आता नाही गं गिळवत.

समन्स पाठवू का, असं ते विचारतात. मी नको म्हटलंय. तुला ओढून आणायचं नाही मला. पुढची तारीख सोमवारची आहे. आलीस तर ते एकदाच विचारतील आणि बसतील. मग तुला कोणी अडवणार नाही, आणि कोणी सुचवणारही नाही.

अजून तुझीच,
धाकटी